जाळं कुठे उघडतंय ते बघा

«ताई, देवगड तालुक्यात आमची हापूसची बाग आहे. आजोबांची बारा बोअरची आडवी दुनळी गेल्या वर्षी वारस म्हणून माझ्या परवान्यावर चढली. शिवाय आठ महिने झाले, मी महिन्यातून एकदा घाटावर क्ले शूटिंगच्या, म्हणजे ट्रॅप आणि स्कीट या उडत्या चकत्या फोडायच्या खेळांच्या, सरावाला जातो. त्यासाठी एकीवर एक नळ्यांची अंडर-ओव्हर घेतली, तिच्यासोबत नळीच्या तोंडात बसवायच्या, तोंड कमी-जास्त आवळणाऱ्या पाच चोक ट्यूब आल्या. काका म्हणतात, "फुलच घाल, लांब मारता ती." क्लबातला एक मित्र म्हणतो, "स्कीटला सगळं काढूनच टाक." ट्रॅप, स्कीट आणि बागेतली माकडं-डुकरं, कशाला कुठला चोक घालू? आजोबांच्या बंदुकीचा चोक कुठला ते तर कुणालाच माहीत नाही. आणि पावसाळ्यानंतर एक ट्यूब नळीतच अडकून बसली आहे, ती काही केल्या फिरत नाही. — एक बागवाला»

तुमच्या मित्राचं आधी घेते, कारण त्याचं ऐकलंत तर नवी बंदूक हातची जाईल. "सगळं काढून टाक" म्हणजे "सगळ्यात मोकळा चोक घाल" असं त्याला म्हणायचं असावं. पण ते शब्दशः घेऊन कुणी ट्यूब काढून रिकाम्या तोंडानं बार काढला, तर आतले आटे उघडे पडतात. छर्रे आणि गरम वायू थेट त्यांच्यावर आदळतात. आटे झिजले की कुठलीच ट्यूब धड बसत नाही, आणि नळीचं तोंड फुगलं तर मग दुरुस्ती नाहीच. तुमच्या पाचांतली एक 'सिलिंडर' असणार. ती अजिबात आवळत नाही, तिचं काम आटे झाकायचं. स्कीटला ती घाला. ट्यूबशिवाय बार नाही, एकही नाही.

आता अडकलेली ट्यूब. ही देवगडची हवा हो. खाऱ्या वाऱ्यात सायकलची चेन आठवड्यात लाल होते, तिथं पोलादी आट्यांत पोलादी आटे घट्ट बसवून तुम्ही चार महिने बंदूक म्यानात ठेवलीत. बंदूक रिकामी आहे हे दोनदा बघा, नळ्या वेगळ्या करा आणि तोंड वर करून उभ्या ठेवा. गंजलेले नटबोल्ट सोडवायचं पातळ तेल मिळतं, त्याचे चार थेंब ट्यूबच्या कडेनं सोडा आणि रात्रभर हात लावू नका. सकाळी बंदुकीसोबत आलेल्या पान्यानंच फिरवा. नाही हलली, तर परत तेल, परत एक रात्र. पकड लावू नका, हातोडीनं ठोकू नका. नळीचं तोंड हा सगळ्या बंदुकीतला पातळ आणि नाजूक भाग. तिथं पडलेली पोच तुम्हाला डोळ्यांनी दिसणार नाही, छर्ऱ्यांना मात्र बरोबर कळेल. तीन रात्रींत सुटली नाही तर परवानाधारक बंदूक दुरुस्तीवाल्याकडे न्या.

सुटली की आटे जुन्या टूथब्रशनं साफ करा, कोरडे करा, ग्रीसचा अगदी पातळ हात द्या. खोबरेल तेल नको. आपल्याकडे केसांपासून दाराच्या बिजागरीपर्यंत सगळ्याला खोबरेल चालतं, पण बंदुकीत ते थिजतं, चिकटतं आणि धूळ धरतं. जून ते सप्टेंबर दर आठवड्याला ट्यूब एकदा काढून परत बसवायची. बंदूक कातडी किंवा कॅनव्हासच्या म्यानात ठेवायची नाही, म्यान ओल ओढतं. आणि निवडणूक लागली, बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायच्या झाल्या, तर देण्याआधी नळीला आतून-बाहेरून तेल द्या आणि पावती सांभाळून ठेवा. बंदूक किती दिवसांनी परत हातात येईल याचा नेम नसतो, आणि तिथं तिला कुणी पुसत बसणार नाही.

आता काका. काकांचं म्हणणं पिढ्यान्‌पिढ्यांचं आहे आणि अर्धं खरं आहे, म्हणून ते खोडायला वेळ लागतो.

खाडीवर कुणी पागायला उभं असेल तर बघत राहा. हातातलं गोल जाळं फेकलं की ते काही अंतर गुंडाळीसारखं जातं, मग हवेत उघडतं, पूर्ण गोल होतं आणि पाण्यावर पडतं. मासळी पायाशी असताना लांबवर उघडेल अशी फेक केली, तर जाळं गोळा होऊनच पडतं. मासळी लांब असताना पायाशीच उघडलं, तर तिच्यापर्यंत पोचतच नाही. जाळं तेच, शिसं तेच, दंडातली ताकद तीच. फरक एवढाच की ते कुठे उघडतं. चोकचं काम याहून जास्त काही नाही. नळीच्या शेवटच्या दोन-अडीच इंचांत तोंड किंचित अरुंद केलेलं असतं. त्यामुळे छर्ऱ्यांचा थवा थोडा जास्त वेळ एकत्र राहतो. फुल म्हणजे सगळ्यात घट्ट चोक, पण त्यानंही छर्ऱ्याचा वेग जाणवण्याइतका वाढत नाही. सुटा छर्रा जिथवर जायचा तिथवरच जातो आणि लागायचा तेवढ्याच जोरानं लागतो. काकांचं "लांब मारता" हे इतपतच खरं की लांबवर थवा दाट राहतो.

अरुंद म्हणजे किती, हे ऐकून तुम्ही हसाल. बारा बोअरच्या नळीचा आतला व्यास ठोकळमानानं १८.५ मिलिमीटर. चोक मोजतात इंचाच्या हजाराव्या भागांत, वर्कशॉपवाले त्याला थाऊ म्हणतात. पाव चोक म्हणजे साधारण १० थाऊ, अर्धा २०, पाऊण ३०, फुल ३५ ते ४०. चाळीस थाऊ म्हणजे एक मिलिमीटर. पाव चोक म्हणजे व्यासात एका पोस्टकार्डाच्या जाडीइतकी कमी, फुल म्हणजे चार पोस्टकार्डं. गावोगावी जे वाद चालतात ते या चार पोस्टकार्डांवरून.

पण या चार पोस्टकार्डांनी होतं काय ते बघा. वीस यार्डांवर, म्हणजे सुमारे १८ मीटरवर, सिलिंडर नळीचे छर्रे अंदाजे ३२ इंचांच्या गोलात पसरतात. फुल चोकचे १६ इंचांच्या. एक सायकलच्या चाकाहून जरा मोठं, दुसरं जेवायच्या ताटापेक्षा थोडं मोठं. एवढ्या अंतरावर उडत्या वस्तूला ताटानं झाकायला तुम्ही फार वाकबगार असायला हवं. चाळीस यार्डांवर चित्र उलटतं. सिलिंडरचा गोल जवळजवळ पाच फुटांचा होतो आणि त्यात इतकी भोकं राहतात की चकती मधून निसटते. फुलचा गोल तिथं कुठे साडेतीन फुटांच्या आसपास आणि अजून दाट. म्हणून चोकच्या प्रश्नाचं उत्तर नेहमी दुसऱ्या प्रश्नात असतं: मारायचं आहे ते किती लांब असतं? तुमच्या चारी प्रश्नांत अंतराचा एक आकडा नाही. काकांच्या सल्ल्यातही नाही.

स्कीट. त्याच्या अर्धवर्तुळाची त्रिज्या १९.२ मीटर. दोन बाजूंच्या दोन घरांतून चकत्या सुटतात, तुम्ही आठ जागा बदलत त्यांना मारता. बहुतेक चकत्या वीस मीटरच्या आतबाहेर फुटतात, आणि मधल्या आठव्या जागेवरून तर अगदी तोंडावर येतात. इथं सिलिंडर, नाहीतर 'स्कीट' असंच नाव असलेला पाच-एक थाऊंचा चोक. याहून घट्ट काही घालायचं कारण नाही.

हे मी शिकले ते स्वतःचं नाक कापून घेऊन. बाबांच्या स्थिर चोकच्या बंदुकीनं, एक नळी पाऊण आणि एक फुल, मी पहिल्यांदा स्कीटला उभी राहिले. पंचवीसपैकी नऊ लागल्या. पण ज्या लागल्या त्यांचा धूर झाला, तुकडा शोधून सापडेना. त्या काळ्या धुराचीच मला नशा चढली. सोळा हुकल्या हे घरी येईपर्यंत ध्यानातच आलं नाही. नऊ चकत्यांना मी ताटानं झाकलं होतं आणि सोळांच्या बाजूनं ताट निघून गेलं होतं. पुढच्या खेपेला कुणीतरी मोकळ्या चोकची बंदूक हातात दिली. चकत्या फुटायच्या दोन-तीन तुकड्यांत, बघायला काही मजा नाही, पण सतरा फुटल्या. पंच तुकडे मोजत नाहीत. एक ठिकरी उडालेली दिसली की गुण.

ट्रॅप निराळा. तिथं चकत्या सुटतात तो खंदक तुमच्या पुढं १५ मीटरवर, आणि चकती तुमच्यापासून लांब पळत जाते. तुम्ही 'पुल' म्हणून ओरडता, ती दिसते, बंदूक फिरते, चाप ओढला जातो, तोवर ती तीस-पस्तीस मीटरवर गेलेली असते. पहिला बार चुकला तर दुसऱ्याला चाळीसच्या घरात. म्हणून पहिल्या नळीला अर्धा ते पाऊण आणि दुसऱ्या नळीला फुल ही जुनी जोडी. अंडर-ओव्हरला सहसा खालची नळी आधी उडवतात, कारण तिचा धक्का सरळ खांद्यात येतो आणि तोंड कमी उसळतं. कुठली नळी आधी उडायची ते ठरवणारं बटण त्याप्रमाणे लावलंय ना ते बघून घ्या, नाहीतर चोक उलटे बसतील आणि दोष मात्र नेमाला द्याल.

तुम्हाला माझा सल्ला: अजून एक वर्ष खालच्या नळीला अर्धा, वरच्या नळीला पाऊण. फुलची ट्यूब डबीतच असू दे. आठ महिन्यांचा नेमबाज चकती उशिरा मारतो, म्हणजे लांब मारतो, मग त्याला घट्ट चोक हवा, असा हिशोब कुणी मांडेल. हिशोब बरोबर आहे. पण त्याच नेमबाजाची चूक मोठी असते, आणि मोठ्या चुकीला मोठा गोल लागतो. वेळ सुधारली की चोक आवळा. मोठ्या स्पर्धांच्या अंतिम फेरीत ट्रॅपला एका चकतीला एकच बार मिळतो, तेव्हा दुसऱ्या नळीचा प्रश्नच उरत नाही. तिथवर पोचलात की पुन्हा लिहा.

डबल ट्रॅप नावाचा एक प्रकार होता. दोन चकत्या एकदम सुटायच्या, पहिली जवळ असतानाच मारायची आणि दुसरी तोवर लांब गेलेली. दोन नळ्यांना दोन चोक का, हे समजावायला याहून चांगला खेळ नाही. राज्यवर्धनसिंह राठोड यांचं २००४च्या अथेन्स ऑलिंपिकमधलं रौप्य याच प्रकारातलं. २०१६च्या रिओनंतर तो ऑलिंपिकमधून गेला. त्याही आधी, १९६२ साली कैरोच्या जागतिक स्पर्धेत बिकानेरचे महाराजा कर्णीसिंह यांनी ट्रॅपमध्ये रौप्य घेतलं होतं. दिल्लीची तुघलकाबादची रेंज त्यांच्याच नावाची. आपल्याकडे बंदूक म्हटलं की शिकारीच्याच गोष्टी निघतात, म्हणून मुद्दाम सांगितलं.

ट्यूब ओळखायची कशी हेही विचारायला हवं होतंत. युरोपातल्या बहुतेक कंपन्या ट्यूबवर चांदण्या किंवा कडेला खाचा देतात, आणि त्यांची रीत उलटी. एक चांदणी म्हणजे फुल, दोन पाऊण, तीन अर्धा, चार पाव. जास्त चांदण्या म्हणजे जास्त मोकळा. पंचतारांकित हॉटेलचं गणित इथं लावणारे भलतीच ट्यूब घालून बसतात. कडेच्या खाचा ट्यूब बसवलेली असतानाही दिसतात. त्या नळ्या वेगळ्या करून, नाहीतर बंदूक उघडून, आत काडतूस नाही हे बघून मगच मोजायच्या. दर पंचवीस बारांनंतर ट्यूब सैल झाली नाही ना तेही याच रीतीनं हातानं बघायचं.

आजोबांच्या बंदुकीकडे येऊ. ती आडवी दुनळी आहे, तेव्हा चोक नळीतच कोरलेला, बदलता न येणारा. अशा बंदुकांत बहुधा उजवी नळी मोकळी आणि डावी घट्ट. पुढचा चाप उजवीचा, मागचा डावीचा. उठलेला पक्षी आधी जवळ असतो आणि मग लांब जातो, त्या काळच्या शिकारीचा हा हिशोब. पण अंदाजावर जाऊ नका. पुढची लाकडी पट्टी काढा, नळ्या उतरवा आणि उलट्या करून काडतुसाच्या घराखालचा सपाट भाग ओल्या फडक्यानं पुसा. बंदूक विलायती असेल तर तिथं बारीक शिक्के दिसतील. 'चोक' असा इंग्रजी शब्द असेल तर ती नळी आवळलेली आहे. कधी कधी त्याहून जुना शिक्का मिळतो, 'नॉट फॉर बॉल'. १८७५ ते १८८७ या काळात इंग्लंडमध्ये चोकच्या नळ्यांवर तो ठोकत. चोक तेव्हा नवा होता. लोकांना सवय मोकळ्या नळीत अख्खी गोळी घालायची, आणि ती गोळी आवळलेल्या तोंडात अडकली तर नळी फाटायची. तो इशारा दीडशे वर्षांनंतरही तसाच लागू आहे. फुल चोकमधून एकसंध गोळी मारायची नाही. आजकालच्या स्लगलाही सिलिंडर किंवा पाव चोकच.

त्याच सपाट भागावर घराची लांबी लिहिलेली असते. अडीच इंच असेल तर ते घर ६५ मिलिमीटरचं. आजची बहुतेक काडतुसं ७० मिलिमीटरची. ती त्या घरात बसतात, झाकण मिटतं, आणि तीच फसगत आहे. काडतूस उडताना त्याचं दुमडलेलं तोंड उलगडायला जागा नसते आणि दाब वाढतो. नळीवर लाकडाच्या रेषांसारखी नक्षी दिसली, तर ती जुन्या दमास्कस पद्धतीची असण्याची शक्यता मोठी. मग तज्ज्ञानं नळ्या तपासेपर्यंत तिच्यातून एकही बार नाही. चोकचा विचार त्यानंतर.

नाणं तोंडात घालून चोक ओळखायची युक्ती काका दाखवतील. नाणं गेलं नाही तर फुल, गेलं तर मोकळा. ती सोडून द्या. चोक म्हणजे तोंडाचा व्यास नव्हे, आतल्या नळीच्या आणि तोंडाच्या व्यासांतला फरक. नळ्याच एकमेकींपेक्षा कमी-जास्त असतात, जुन्या बंदुकांत तर फारच. दुरुस्तीवाल्याकडे आतून मोजायचं गेज असतं, पाच मिनिटांचं काम. तोंडाकडचा गंज खातोय म्हणून नळी दोन-तीन इंच कापून घेतलेल्या बंदुका मी पाहिल्यात. त्यांचा चोक कापलेल्या तुकड्याबरोबर भंगारात गेला. शिवाय शस्त्र अधिनियम १९५९च्या कलम ६ प्रमाणे परवानगीशिवाय नळी आखूड करणं हा गुन्हा आहे.

आता बाग. इथं तुम्हाला आवडणार नाही असं लिहिते आहे.

शेतीसंरक्षणाचा परवाना हा बंदूक बाळगायचा परवाना. जनावर मारायचा नव्हे. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा मारण्याच्या प्रयत्नालाही शिकारच म्हणतो, म्हणजे नेम चुकला हा बचाव होत नाही. डुक्कर नुकसान करत असेल तर वनखात्याकडे अर्ज, पंचनामा, भरपाई, आणि मारायचंच असेल तर अधिकृत अधिकाऱ्याची लेखी परवानगी, हाच रस्ता. ती हातात असेल तरच पुढचं वाक्य तुमच्या कामाचं. डुकराला वापरतात त्या एसजीच्या काडतुसात साधारण नऊच गोळ्या असतात, एकेक आठ मिलिमीटरहून जाड. इतक्या जाड गोळ्या फुल चोकच्या तोंडात एकमेकींवर घासून चेपतात आणि वेड्यावाकड्या जातात. त्यांना पाव चोक किंवा सिलिंडर, फार तर अर्धा. फुलनं लांब मारता येईल म्हणून कुणी एसजी घालून बसला असेल, तर तो जखमी डुक्कर रानात सोडण्याची तयारी करतोय.

माकडांसाठी चोक नाही. आवाजानं ती पळतात, पण सिलिंडरचा आणि फुलचा आवाज त्यांना सारखाच, आणि दोन दिवसांत तीही ओळखतात की आवाजामागे काही येत नाही. फटाका त्याहून स्वस्त. तुमच्या चुलत्या-मालत्यांना विचारा, राखणीला माणूस आणि कुत्रा यांनी जेवढा आंबा वाचलाय तेवढा बंदुकीनं वाचलेला कुणी सांगणार नाही.

आणि छर्रे जातात कुठे? सहा नंबरचा बारीक छर्रासुद्धा नळी उंच धरली तर दोनशे मीटरच्या आसपास जाऊन पडतो. एसजीची गोळी सहाशे मीटरच्याही पलीकडे. चोक मोकळा असो की घट्ट, हे आकडे बदलत नाहीत. आपल्याकडची वाडी झाडीत लपलेली असते. कलमांच्या पलीकडे पायवाट, पायवाटेपलीकडे कुणाचं न्हाणीघर. जांभ्याच्या गडग्यावर तिरपा लागलेला छर्रा कुठे उडेल सांगता येत नाही. बागेत बंदूक चालवायच्या आधी ती दोनशे मीटर चालून या.

शेवटी जे सगळ्यांत कामाचं ते. चोकवर लिहिलेलं नाव हा बनवणाऱ्याचा अंदाज असतो. तुमची नळी, तुमचं काडतूस, तुमचा चोक मिळून काय करतात ते कागदच सांगतो. पुढच्या खेपेला रेंजवर जाताना स्टेशनरीच्या दुकानातून पांढरे चार्ट पेपर घ्या, चार-चार चिकटवून चार फुटी चौकोन करा. रेंजवाल्यांची परवानगी घेऊन ४० यार्डांवर, म्हणजे साडेछत्तीस मीटरवर, चौकटीला लावा. मध्यावर नेम धरून एकच बार. मग छर्रे जिथं सर्वांत दाट दिसतील तिथं मध्य धरून ३० इंच व्यासाचा गोल काढा. सुतळीला १५ इंचांवर पेन्सिल बांधली की झालं. नेमाच्या खुणेभोवती गोल काढू नका, तो तुमच्या नेमाचा हिशोब होईल, चोकचा नव्हे.

आता भोकं मोजा. मोजलेल्या भोकावर पेन्सिलीनं टिंब करत जा, नाहीतर साठाच्या पुढं हरवाल. ट्रॅपच्या २४ ग्रॅमच्या काडतुसात २.४ मिलिमीटरचे साधारण २९० छर्रे असतात. गोलात दोनशेच्या आसपास सापडले तर सत्तर टक्के, म्हणजे फुल. पावणेदोनशे म्हणजे साठ टक्के, अर्धा. एकशे साठ म्हणजे पाव. एकशे पंधरा-वीस म्हणजे चाळीस टक्के, सिलिंडर. एका बारावर भरवसा नको, प्रत्येक ट्यूबला निदान पाच कागद. तुमच्या 'अर्ध्या' ट्यूबनं पाऊणचा आकडा दिला तरी दचकू नका. हल्लीच्या काडतुसांत छर्ऱ्यांभोवती प्लास्टिकची वाटी असते, ती थवा जपून नेते. आजोबांची बंदूक बनली तेव्हा नमद्याच्या चकत्या होत्या. त्यामुळे जुन्या नळ्या आजच्या काडतुसांनी एक पायरी घट्ट वागतात.

टक्क्यांवर थांबू नका. पुठ्ठ्याची ११ सेंटिमीटरची चकती कापा, खरी चकती तेवढीच असते, आणि कागदावर सरकवत फिरा. तिच्याखाली तीनपेक्षा कमी भोकं येतात अशा जागा किती सापडतात ते बघा. सत्तर टक्के देणारा चोकही कधी कधी मध्ये गिचमिड आणि कडेला उजाड ठेवतो. साठ टक्क्यांचा पण सगळीकडे सारखा विखुरलेला कागद मी केव्हाही पसंत करीन. नुसतं काडतूस बदलूनही हा फरक पडतो, चोकला हात न लावता. खडकीच्या कारखान्याची शक्तिमान आणि परदेशी ट्रॅपची काडतुसं एकाच ट्यूबमधून मारून बघा.

मग हाच खेळ वीस यार्डांवर, एकदा फुलनं आणि एकदा सिलिंडरनं. ते दोन कागद गुंडाळून गावी घेऊन या आणि काकांच्या पुढं ओटीवर पसरा. काही बोलू नका, पुठ्ठ्याची चकती त्यांच्या हातात द्या.

प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात तारीख, ट्यूब, काडतूस आणि अंतर लिहा, आणि गुंडाळी पत्र्याच्या डब्यात ठेवा. माझे तीस-चाळीस कागद माळ्यावर उघडेच राहिले, दोन पावसाळ्यांत कसरीनं धरले. आता छर्ऱ्याचं भोक कुठलं आणि कसरीचं कुठलं ते मलाही सांगता येत नाही.